जीप अलीकडे, पेटी पलीकडे

२१ ऑक्टोबर १९५६, रविवार

वाटणी झाली एकदाची!

दवाखाना-समितीची शेवटची बैठक कापसाच्या जिनिंगच्या आवारात. चौदा गावांचे लोक. पहिल्या तारखेपासून यातली आठ गावं आंध्रात, सहा मुंबई राज्यात. मधे काय? एक नाला. चैत्रात शेळी खूर न भिजवता ओलांडते.

समितीची मालमत्ता दोनच वस्तूंची — दवाखान्याची जीप, आणि तिच्या सुट्या भागांची हिरवी लोखंडी पेटी. पाच वर्षांपूर्वी गावोगावचा कापूस गोळा करून लष्कराच्या मोडीतून दोन्ही एकत्र घेतल्या. वर्तमानपत्रातून आवाहन मीच केलं होतं. तेव्हापासून नर्स मथुराबाई या जीपमधून गावं फिरतात. सुया देतात, अडलेल्या बाया आदिलाबादला आणतात.

पलीकडच्या सहा गावांच्या वतीनं यशवंतराव उठले. "जीप तुमी ठेवता, ठेवा. पेटी आमची. आमचा बी कापूस गेला हाय त्याच्यात." मला ते रास्त वाटलं. जीप कापून तर वाटता येत नाही! मसुदा मी तिथंच लिहिला. नऊ कलमं, दीड तास, एक खाडाखोड नाही. पाचवं कलम असं — कोणत्याही बाजूस दुसऱ्या बाजूकडील वस्तू लागल्यास लेखी मागणी करावी. त्या बाजूच्या समितीने ठराव करून ती द्यावी.

चंपत माझ्या कानाशी लागला. तो पलीकडच्यांचा चिटणीस, मी अलीकडच्यांचा. "वामन्या, पाचवं काढून टाक. 'मागतलं का द्यावं' — इतकंच लिही. ठराव कायले?"

म्हटलं, तोंडी व्यवहारानं भांडणं होतात. उद्या तू नसशील, मी नसेन, कागद राहील.

"कागद राहीन," तो म्हणाला, आणि सही केली.

धोंडीबा ड्रायव्हर जीपला टेकून बिडी ओढत होता. पेटी पलीकडच्यांच्या बैलगाडीत चढली, तेव्हा म्हणाला, "सायेब, बैल एकाले देल्ला अन् त्याचे खूर दुसऱ्याले."

सगळे हसले. मीही.

२४ ऑक्टोबर, बुधवार

मथुराबाईंबरोबर वडगावला. राहीआक्काची सुई.

उटनूरच्या रस्त्यानं तेरा मैल, मग आत नऊ मैल. त्या नऊ मैलांना रस्ता म्हणायचं धाडस मी बातमीत केलं होतं, इथे करत नाही. सात नाले, सातांत वाळू.

या जीपमध्ये मूळचं काय उरलं आहे? ब्रेकात तेलाऐवजी एरंडेल. रेडिएटर गळतो म्हणून रोज सकाळी त्यात मूठभर हळद. पुढच्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा शिवलेला. सेल्फ दोन वर्षं बंद — हँडल मारायचं. पेट्रोल धोंडीबा धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळतो; पिंपातून कधी पाणी निघतं, कधी गंज. ज्यानं ही गाडी केली त्यानं वडगावचा रस्ता पाहिला नव्हता. आणि ज्यानं हा रस्ता केला — पण तो कुणी केलेलाच नाही!

तरी धोंडीबा चालवतो. ब्रह्मदेशात पलटणीच्या मोटारी दुरुस्त करत होता. इंजिनाला कान लावून सांगतो कुठं दुखतं आहे.

आक्काला उन्हाळ्यापासून क्षय. आठवड्याला दोन सुया, बुधवारी आणि शनिवारी, जानेवारीपर्यंत. डॉक्टरांनी बजावलं आहे — खाडा नको. खाडा पडला की औषध लागू पडेनासं होतं. आदिलाबादच्या दवाखान्यात खाट नाही. माझ्या घरमालकानं क्षयाचं नाव ऐकताच दाराशी येऊन हात जोडले. मथुराबाईंशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती औषध द्यायला डॉक्टर तयार नाहीत. म्हणजे जीप आली तर सुई आली.

आक्काचं वजन दोन शेर वाढलं! ओसरीत बसून भाचेसुनेला दटावत होती. मला म्हणाली, "माह्या छातीत आवाज येते ना, तो तुह्या जीपवानीच येते रे. धोंडीबाले म्हन, माह्यं बी हँडल मार."

मग, "चंपत्या कुठं हाय? भाऊबीजेले तं येईन ना?"

शाळेसाठी आम्ही दोघं आदिलाबादला होतो, तेव्हा चार वर्षं आक्काच्या तिथल्या घरी जेवलो. माझी सख्खी बहीण. पण पहिली भाकरी चंपतच्या ताटात पडायची.

२८ ऑक्टोबर, रविवार

चंपतचा ऑक्टोबरचा गठ्ठा आला. बातमीदार म्हणून मला रोजचा अंक येतो. वाचून झाला की आठवड्याचे अंक मी भाजीवाल्या माणिकरावाबरोबर चंपतला खैरगावला पाठवतो. तो वाचतो आणि महिनाअखेर सगळे परत करतो, सुतळीनं बांधून, दुहेरी गाठ मारून. मी त्याच दिवशी गाठ सोडतो आणि अंक तारखेप्रमाणे लावतो. बावीस वर्षांत एक अंक हरवलेला नाही.

माझी बायको कुसुम म्हणते, "दोन म्हाताऱ्यांचा रद्दीचा संसार."

१ नोव्हेंबर, गुरुवार

नवं राज्य. सकाळी झेंडा, पेढे, भाषणं. दुपारी बारापर्यंत तार पाठवली — दोनशे शब्द, उत्साह मोजून.

सरकारी कचेरीत एका प्रकरणाची मिसल मागायला गेलो. जुना कारकून बदलून गेला आहे. नवा तेलुगूत म्हणाला, "रेपु." मी उभाच. शेजारच्यानं समजावलं — उद्या या.

चंपतच्या गावी आज बहुधा दुसरे पेढे.

५ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीजेला वडगावला गेलो. चंपत आला नाही. आक्कानं त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला होता. बराच वेळ तो तसाच होता. मग तिनंच उचलला.

परतताना तिसऱ्या नाल्याच्या वाळूत जीप अडकली. इंजिन बोंबलतंय, चाक जागचं हलत नाही. जळका वास. धोंडीबा खाली उतरला आणि पागोटं सोडून बोनेटवर ठेवलं. तेव्हाच ओळखलं. चार बैलांनी ओढून मुख्य रस्त्याला आणली. तिथून एका लॉरीमागे दोर बांधून आदिलाबाद.

७ नोव्हेंबर, बुधवार

क्लचची प्लेट गेली. धोंडीबानं ती बाहेर काढून माझ्या टेबलावर ठेवली — ताटलीएवढी चपटी चकती, इंजिनाचा जोर चाकांना देणारी. अस्तर झिजून खिळे उघडे पडले आहेत.

"दुसरी हाय," तो म्हणाला.

"कुठं?"

"पेटीत. म्याच तेलकट कागदात गुंडाळून ठेवली होती. वरून दुसरा थर, उजव्या कोपऱ्यात." आणि माझ्याकडे पाहत राहिला.

आज बुधवार. आक्काची सुई चुकली.

पाचव्या कलमाप्रमाणे लेखी मागणी केली. समितीचा कागद, जावक क्रमांक, सही. चंपतला वेगळं पत्र लिहावं असं एकदा मनात आलं. पण त्यात काय लिहायचं? रीत आहे तर रीतीनंच जावं.

१० नोव्हेंबर, शनिवार

धोंडीबा अचाट माणूस आहे! जिनिंगमधून जुन्या यंत्रपट्ट्याचा तुकडा मागून आणला, कातरून गोल केला, तांब्याच्या खिळ्यांनी जुन्या प्लेटवर ठोकला. दुपारी जीप चालू. वडगावला सुई पोचली — तीन दिवस उशिरा.

"किती दिवस चालेल?" विचारलं.

"चामडं हाय ते, सायेब. तापलं का जळन. तुमी उत्तर मागवा."

१३ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो: "आपली मागणी पोचली. कलम पाच अन्वये ठराव आवश्यक. समितीची पुढील बैठक डिसेंबरअखेर. सदर जीप आता केवळ आपल्या गावांच्या उपयोगी पडत असल्याने विषय विचारार्थ ठेवण्यात येईल." खाली यशवंतरावांची सही. तिच्या खाली चिटणिसाची.

चंपतची सही मी अंधारातही ओळखेन.

माझं कलम माझ्याच तोंडावर मारलं! त्यातला एक शब्दही चुकीचा नाही, हेच वाईट.

१४ नोव्हेंबर, बुधवार

त्यानं सही केली. आक्कासाठी मागितलं होतं, हे त्याला माहीत होतं. तरी केली.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

पट्टा जळाला. धोंडीबानं वाळूत क्लच न दाबता, बैल लावून, पोतं अंथरून पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी धूर.

नागपूरच्या एजंटाला लिहिलं होतं. त्याचं कार्ड आलं — लष्करी मोडीच्या जीपचा माल शिल्लक नाही, आल्यावर कळवू. हैदराबादच्या दुकानदाराचं अजून काहीच नाही.

मथुराबाई उद्या बैलगाडीनं वडगावला निघणार. जायला एक दिवस, यायला एक. म्हणजे बाकीची सात गावं तशीच. त्यांना म्हटलं, फार त्रास होतो तुम्हाला. त्या म्हणाल्या, "त्रासाचं काय नाई. पन आठवड्यातून एकदाच जमन. डॉक्टरले तुमीच सांगा."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

२१ नोव्हेंबर, बुधवार

माणिकराव भाजीच्या पाट्या उतरवून थेट घरी आला. "चंपतरावानं देल्लं. आजच्या आज पोचवा म्हनले. काय वजन हाय हो! नाक्यावर सिपाई खोलून पाहत होता, मी म्हनलो, रद्दी हाय बापा."

सुतळी, दुहेरी गाठ. महिना संपायला नऊ दिवस आहेत आणि हा गठ्ठा आजच! चिठ्ठी नाही. एक ओळ नाही. म्हणजे अंकांची देवाणघेवाणही मिटवून टाकली. राज्य वेगळं, समिती वेगळी, आता हेही. घरातलं होतं नव्हतं तेवढं परत केलेलं दिसतं, इतका जड.

मी गठ्ठा तसाच माळ्यावर फेकला. कुसुम म्हणाली, "सोडत नाही का?"

म्हटलं, नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२६ नोव्हेंबर, सोमवार

चंपतचं कार्ड: "अंक परत पाठवले आहेत. पोच द्यावी."

द्यावी! खैरगावचं टपाल यशवंतरावांच्या ओसरीत उतरतं. तिथं बसून लिहिलेलं असणार, भाषा तशीच आहे. प्लेट द्यायला ठराव लागतो आणि रद्दीला पोच लागते.

दिली नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

परवा बैलगाडीनं स्वतः वडगावला गेलो, आज परतलो. पाठ मोडली.

आक्का उतरली आहे. वाढलेले दोन शेर गेले, वर आणखी. खोकला पुन्हा सुरू. पण तोंड तसंच. मला पाहून म्हणाली, "बैलगाडीनं आला? मंग तं पुढच्या वर्षी मेन्यात बसूनच येशीन."

मग हळूच, "चंपत्याशी भांडला?"

"भांडलो नाही. समितीचं काम आहे."

"काऊन रे, समिती काय त्याले जेवू घाले? मी घाले." खोकून झाल्यावर, "जाय ना त्याच्याकडं. पायाले मेंदी लागली का तुह्या? बारा मैल तं हाय."

मी म्हटलं, रीतसर मागणी केली आहे, आक्का. उत्तरही आलं आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली — लहानपणी मी हिशेबाचं उत्तर चुकीचं सांगितलं की बघायची तसं. मग कूस बदलली.

४ डिसेंबर, मंगळवार

दुसरं कार्ड. "अंकांची पोच अद्याप नाही. कृपया तपासावे."

फाडून टाकलं.

जीप दारासमोर विटांवर उभी आहे. चाकं काढून धोंडीबानं घरात ठेवली, चोरीला जाऊ नयेत म्हणून. बोनेटवर शेजारच्या कोंबड्या.

८ डिसेंबर, शनिवार

धोंडीबा आला. "सायेब, मी खैरगावले जातो. चंपतरावाच्या पाया पडतो, प्लेट आनतो."

"भीक मागायला जायचं नाही. तू समितीचा नोकर आहेस."

"हाव. पन आक्काबाई समितीच्या नाईत ना."

मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. पण नाही म्हटलं.

मथुराबाईंना हिवताप. या आठवड्यात वडगावला कुणीच नाही.

१२ डिसेंबर, बुधवार

धोंडीबा गेलाच होता! न सांगता. आज परत आला, चेहरा काळवंडलेला.

चंपत भेटला नाही. नव्या जिल्ह्याच्या कामानं चार दिवस नांदेडला. यशवंतरावांनी मात्र पेटी उघडून दाखवली. पंचांसमोर. दुसरा थर, उजवा कोपरा — प्लेट नाही. तेलकट कागदही नाही.

यशवंतराव म्हणाले, "पेटी तूच भरली होती ना? मंग वाटनीच्या आधीच इकली असशीन. अन् आता आमच्या दारात कायले आला?"

"सगळ्यायसमोर चोर म्हनलं मले," धोंडीबा म्हणाला. "तुमी तं जानता, सायेब."

मी वाटणीची यादी काढून चाळू लागलो. तो निघून गेला.

१३ डिसेंबर, गुरुवार

कालपासून विचार करतो आहे. प्लेट पेटीत होती, असं सांगणारा माणूस एकच. भरणाराही तोच. यादी करताना मी वस्तू मोजल्या, पण कागद उलगडून पाहिले नाहीत, माझी चूक. पलीकडच्यांनी पेटी पंचांसमोर उघडली. रीतसर केलं त्यांनी. मग प्लेट गेली कुठं?

धोंडीबाला बोलावून शांतपणे विचारलं. दोष दिला नाही, फक्त विचारलं — "नक्की ठेवली होतीस?"

तो बाहेर गेला, पाने आणि हँडल आणलं, पाने कापडावर लहान-मोठे असे लावून ठेवले. वर किल्ली.

"पाच वर्सं चालवली," म्हणाला. "मोजून घ्या. नाईतं उद्या मंग म्हनसान."

मी मोजले. अकरा. खरोखर मोजले!

१४ डिसेंबर, शुक्रवार

ऐकलं, की धोंडीबा बेल्लमपल्लीला कोळशाच्या लॉरीवर लागला. कालच्याच गाडीनं गेला.

कुसुम जेवताना एवढंच म्हणाली, "तुमच्या कलमाला हातपाय असते तर बरं झालं असतं."

१५ डिसेंबर, शनिवार

वडगावहून भाचा मारोतराव आला. आक्काच्या तोंडातून रक्त. एका गृहस्थाची मोटार मागितली. त्यांना वाळूची भीती वाटली. त्यांचंही चूक नाही. बैलगाडीत गवत भरून आणायचं म्हटलं, तर मथुराबाई अंथरुणातूनच म्हणाल्या — हलवू नका, धक्क्यानंच जाईल.

डॉक्टरांना घेऊन उद्या पहाटे बैलगाडीनं निघतो.

१७ डिसेंबर, सोमवार

राहीआक्का गेली. दुपारी दोनला. डॉक्टर आणि मी काल दिवेलागणीला पोचलो होतो. सुई दिली. उशीर झाला होता.

२० डिसेंबर, गुरुवार

आज नागपूरचं पार्सल. माल आला म्हणून एजंटानं न कळवताच धाडला. तत्पर माणूस! प्लेट नवी कोरी. बसवणारा बेल्लमपल्लीला.

एजंटाला त्याच टपालानं पोच दिली. सवयीनं.

२६ डिसेंबर, बुधवार

आक्काचा दहावा, वडगावच्या नाल्यावर. चंपत आला होता. बरोबर यशवंतराव आणि खैरगावचे पाचसहाजण. चंपत फार खंगला आहे. टोपी हातात घेऊन वाळूत उभा होता.

पिंडाला कावळा लवकर शिवेना. लोक एकेक बोलू लागले — कुणाची इच्छा राहिली, कुणाला बोलवा. मी पुढे झालो नाही. चंपत पुढे झाला, वाकला, काहीतरी पुटपुटला. कावळा शिवला.

तेही मला लागलं. आधी प्लेट अडवायची आणि मग पिंडाला नमस्कार करून मोठेपणा घ्यायचा!

लोक पांगू लागले तसा तो माझ्याजवळ आला. यशवंतराव दोन हातांच्या अंतरावर उभे. चंपतनं इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि विचारलं —

"वामन, अंक पोचले का रे?"

माझा कानांवर विश्वास बसेना. आक्काची राख याच वाळूत आहे, आणि हा रद्दीची चौकशी करतो!

"माणिकरावानं देल्ले का नाई? इतकं तरी सांग."

मी पाठ फिरवली. चाळीस वर्षांत त्याला पाठ दाखवली नव्हती. मागून त्यानं आणखी एकदा हाक मारली, "वामन्या" म्हणून, लहानपणीसारखी. मी थांबलो नाही.

२७ डिसेंबर, गुरुवार

वर्तमानपत्राच्या कचेरीतून तार: सरत्या वर्षाचा आढावा एकोणतीसपर्यंत, दीड हजार शब्द. दुःख असो, सुतक असो, पान छपाईला सुटायचं तेव्हा सुटतं. लिहितो. बावीस वर्षांत एकदाही चुकलो नाही.

जानेवारी ते ऑक्टोबरचे अंक काढून ठेवले. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेचा हवा. तो माळ्यावरच्या गठ्ठ्यात. उद्या काढतो.

२८ डिसेंबर, शुक्रवार

गाठ सुटेना, सुतळी कापली. पंधरा अंक. सात वर, आठ खाली. मधे तेलकट कागद.

पहिल्या तारखेच्या अंकाच्या समासात पेन्सिलीनं — "पेटीतून मीच काढली. कार्डावर लिहिता येत नाही, माणिकरावाजवळ बोलता येत नाही. यशवंतरावांना कळलं तर गावात राहता येणार नाही. धोंडीबाला म्हणावं, आजच बसव. शनिवारची सुई चुकवू नको. — चंपत."

धोंडीबाच्या पत्त्यासाठी कुसुम शेजारी गेली आहे. मी चंपतला पोचेचं कार्ड लिहायला बसलो आहे. वर तारीख कोणती घालू?